घरातील मोठा कोळी आणि आपली जयणा
उष्ण प्रदेशातील घरांत रात्री दिवा लावताच भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी कोळी दिसतो आणि भयाने हात केरसुणीकडे जातो. हा ‘हेटेरोपोडा व्हेनेटोरिया’. लिनियसने १७६७ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. व्यापारी मालाबरोबर, विशेषतः केळ्यांच्या घडांतून, तो दूरदूरच्या उष्ण देशांत पोहोचला. पसरलेल्या पायांसह तो ७ ते १२ सेंटीमीटर भरतो. भक्ष्यासाठी तो जाळे विणत नाही. रात्री झुरळे पकडतो आणि दिवसा तसबिरीमागे अंग चोरून बसतो. दाबला गेल्यास तो चावतो व वेदना होतात, परंतु त्याचे विष माणसाच्या जिवावर बेतत नाही.

जैन परंपरेत कोळी चतुरिंद्रिय जीव गणला जातो. मादी अंड्यांची चपटी पिशवी पोटाखाली धरून वावरते; केरसुणीच्या एका फटक्यात शेकडो जीवांची हिंसा घडू शकते. म्हणून रुंद तोंडाचा डबा त्याच्यावर अलगद पालथा घालावा, पाय न चेंगरता मागून पुठ्ठा सरकवावा व त्यास बाहेर झाडापाशी सोडावे.

त्याहून श्रेयस्कर म्हणजे रात्री ओटा कोरडा व मोरी स्वच्छ ठेवणे. झुरळे नसतील, तर कोळ्यालाही घरात राहण्याचे फारसे कारण उरत नाही.