दहा सेकंदांचा भाव

समजा, कोल्हापुरात महाद्वार रोडला तुमचं साड्यांचं दुकान आहे. दिवाळी जवळ आली आहे आणि रेडिओवर जाहिरात करायचं मनात आहे. केंद्रात विचारलंत की जो भाव सांगतील तो दहा सेकंदांचा असेल. तो शंभर रुपये धरू. हा आकडा फक्त हिशेबापुरता. वीस सेकंदांची जाहिरात, म्हणजेच स्पॉट, दिवसाला आठ वेळा, पंधरा दिवस लावली, तर २४,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २८,३२०. जिंगल बांधायची, आवाज द्यायचा खर्च बहुधा वेगळा, तेव्हा तोही आधीच विचारून ठेवावा.

आता खरी मेख वेळेची. सकाळी आणि संध्याकाळी लोक गाडीत असतात, म्हणून त्या तासांचा भाव चढा. ‘दिवसभरात कधीही’ हे पॅकेज स्वस्त दिसतं, पण त्यातले निम्मे स्पॉट रात्री अकरानंतर लागले तर साडी कोण घेणार? ठरावीक वेळपट्टा लिहून घ्यावा. पैसे बेताचे असतील तर दिवस कमी करा, रोजचे स्पॉट कमी करू नका. रेडिओवरचं एकदा ऐकलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

वीस सेकंदांत साधारण चाळीस शब्द बसतात. त्यात दुकानाचं नाव दोन-तीनदा आणि एकच गोष्ट: सवलत किंवा नवा माल. फोन नंबर घालण्याचा हट्ट सोडा. स्कूटरवरचा माणूस तो लिहून घेणार नाही. त्यापेक्षा ओळखीची खूण सांगा. आरजेने, म्हणजे निवेदकाने, गप्पांच्या ओघात नाव घेतलं तर ते जिंगलपेक्षा जास्त कानात राहतं, असं माझं मत. पण त्याचा दर निराळा असतो.

एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडखळतात. तुमचं गिऱ्हाईक घाटाकडच्या गावांतून येत असेल, तर तिथे केंद्र लागतं का ते आधी स्वतः ऐकून पाहा.

खासगी एफएमला पर्यायही आहेत. आकाशवाणीच्या विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूरहून १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती लागू लागल्या. त्याआधी सरकारी रेडिओवर जाहिरातीच नव्हत्या, म्हणून ‘बिनाका गीतमाला’ हा हिंदी चित्रपटगीतांचा प्रायोजित कार्यक्रम रेडिओ सिलोनवरून ऐकू यायचा. लहान गावात बारामतीची वसुंधरा वाहिनी किंवा म्हसवडची माणदेशी तरंग यांसारखी सामुदायिक केंद्रं असतात. त्यांनाही जाहिराती घ्यायला परवानगी आहे, फक्त तासाला किती मिनिटं यावर मर्यादा. खताच्या, बियाण्याच्या दुकानाला शहरातल्या केंद्रापेक्षा हेच बरं.

शेवटचं बिल भरण्याआधी प्रक्षेपणाचा दाखला मागा. कोणता स्पॉट कोणत्या तारखेला, किती वाजता लागला ते त्यात असतं. ठरल्या वेळेला न लागलेले स्पॉट पुन्हा लावून घ्या.