सुखन्याचा गाळ

जालन्याच्या माणसाला चंदीगड गाठणे तसे अवघड नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस आपल्याच स्टेशनावर थांबते. तिच्यात बसायचे, थेट अंबाल्याला उतरायचे, पुढे तासाभराचा रस्ता. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब गेलो. डब्यात नांदेडचे दर्शन करून परतणारी शीख कुटुंबे होती. त्यांचे पराठे आमच्या मुलांनी संपवले आणि आमच्या दशम्या त्यांच्या आजीबाईंनी.

फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही. तेव्हा १९५१ पासून ल कार्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने हे शहर आखले. एकेक सेक्टर साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटरचा. पत्ता म्हणजे नुसते आकडे! ‘गांधी चमनपाशी या आणि कुणालाही विचारा’ असा पत्ता सांगणाऱ्या आम्हा मंडळींना तिथे चुकल्याचुकल्यासारखे होते. मुलांना आवडले ते रॉक गार्डन. नेकचंद या रस्ते खात्यातल्या माणसाने फुटक्या बांगड्या, कपबश्या गोळा करून जंगलात चोरून रचलेली ही सृष्टी १९७६ साली लोकांना खुली झाली. इतक्या आखीव शहरातला सर्वांत लाडका कोपरा विनापरवाना असावा, याची मला मोठी गंमत वाटली.

पण माझे पाय रेंगाळले ते सुखना तलावावर. शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा ओढा अडवून १९५८ साली हा तलाव केला. टेकड्या ठिसूळ, त्यात चराईने उघड्या पडलेल्या; तलाव गाळाने भरू लागला. चंदीगडकरांनी श्रमदान करून गाळ उपसला. हे ऐकताना मला आपली घाणेवाडी आठवली. निजामाच्या काळातला तो तलावही असाच उथळ होत गेला आणि पुढे जालनेकरांनी एकत्र येऊन त्यातला गाळ काढायला घेतला. शेतकऱ्यांनी तो स्वखर्चाने शेतात नेला. २०१२-१३ च्या दुष्काळात घरोघरी टँकरची वाट पाहणाऱ्यांना त्या गाळाचे मोल वेगळे सांगायला नको.

उपसा मात्र कधी संपत नाही. म्हणून सत्तरच्या दशकात पी. आर. मिश्रा हे मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ गाळाचा माग काढत टेकड्यांतल्या सुखोमाजरी गावी पोचले. शहराच्या तळ्यासाठी गावाने शेळ्या का आवराव्यात? गावाला त्यातून काय मिळणार? मिश्रांनी तिथे छोटे बांध घालून पाणी शेताला दिले. पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला, तेव्हा गावाने आपणहून डोंगर चराईला बंद केला. आम्ही मुद्दाम तिथवर गेलो. पाहण्यासारखे म्हणाल तर खैराची झाडे आणि भाबर गवत, बस्स.

परतताना पत्नीने विचारले, ‘‘घाणेवाडीच्या वरच्या गावांना काय मिळतं हो?’’ मला चटकन उत्तर देता आले नाही. पण आपल्याच जालना तालुक्यातल्या कडवंचीची आठवण झाली. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, या गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती-पाणी अडवले. पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. मुलांना आता तिकडे न्यायचे ठरले आहे. पत्नीची अट एकच, द्राक्षांचा हंगाम धरून जायचे.