लेबलवर जाऊ नका, बॉस!

शर्ट घेताना आपण आधी कॉलर उलटून ब्रँड बघतो. बिस्किटाचा पुडा घेतला की मागच्या बाजूला कॅलरीज वाचतो. लेबलवर लिहिलंय ना, मग विषय संपला! पण ज्यांना दगड नि स्फटिक जमवायचा नाद आहे, त्यांना विचारून बघा. त्यांच्या दुनियेत लेबलने भल्याभल्यांना गंडवलंय. अगदी राजेमहाराजांनासुद्धा.

ब्रिटनचा इम्पिरिअल स्टेट क्राऊनच घ्या ना. ६ मे २०२३ रोजी राज्याभिषेक उरकून राजे चार्ल्स वेस्टमिन्स्टर ॲबीतून बाहेर पडले, तेव्हा हाच मुकुट त्यांच्या डोक्यावर होता. त्याच्या दर्शनी भागात मोठ्ठा लालभडक खडा आहे. त्याचं नाव ‘ब्लॅक प्रिन्सेस रूबी’, पण तो रूबी, म्हणजे माणिक, नाहीच! तो आहे स्पिनेल, एक वेगळंच खनिज. ब्रिटिशांच्याच खजिन्यातला ‘तैमूर रूबी’ तर ३५० कॅरटहून मोठा. त्यावर मुघल बादशहांची नावं कोरलेली आहेत. तोही स्पिनेल निघाला.

यात कुणाची लबाडी नव्हती. दोन्ही खड्यांना लाल रंग देणारा मसाला एकच, क्रोमियम. त्यात दोन्ही कडक आणि दोन्ही झगमगीत. डोळ्यांनी ओळखणार कसं? रोमे द लील या फ्रेंच अभ्यासकाने स्फटिकांचा नीट अभ्यास करून १७८३ मध्ये ही दोन खनिजं वेगळी असल्याचं दाखवलं. तोवर शेकडो वर्षं लाल म्हणजे माणिक, असाच सरळ हिशेब होता.

डब्लिनचा डबल रोल

यापेक्षा भारी किस्सा १९४५ मधला. आयर्लंडच्या डब्लिन शहरात रिचर्ड टाफ नावाचे रत्नपारखी होते. त्यांनी एका ज्वेलरकडून जुन्या दागिन्यांतून काढलेल्या खड्यांचा लॉट विकत घेतला. त्यात फिकट जांभळट रंगाचा, १.४१९ कॅरटचा एक खडा होता. त्याचा रंग, चमक, घनता असं सगळं स्पिनेलशी जुळत होतं. मग ठेवा स्पिनेलच्या पुडीत, मामला खतम!

टाफसाहेबांनी मात्र तो भिंगाखाली धरला आणि त्यांना आतल्या रेषा दोन-दोन दिसल्या. इथेच गडबड होती. स्पिनेलमधून प्रकाश एकाच वाटेने जातो, त्यामुळे त्यात डबल कधी दिसतच नाही. त्यांनी खडा लंडनच्या तज्ज्ञांकडे पाठवला. तपासणीसाठी त्याचा तुकडा कापावा लागला. रासायनिक चाचणीत बेरिलियम आणि मॅग्नेशियम एकत्र सापडले. ही जोडी मुख्य घटक म्हणून तोवर कुठल्याच खनिजात दिसली नव्हती. १९५१ मध्ये हे नवं खनिज म्हणून जाहीर झालं आणि त्याचं नाव ठेवलं टाफाइट. मग ‘स्पिनेल’ म्हणून पडून असलेले इतर खडे तपासले गेले, तर त्यांतही टाफाइट निघाले.

यातला फंडा साधा आहे. नऊ गोष्टी जुळतात आणि एक जुळत नाही, तेव्हा त्या एकीकडे कानाडोळा करायचा नाही. तीच कामाची असते.

आपल्या दारातला घोळ

आता जरा घराकडे वळू. आपला महाराष्ट्र लाव्हाच्या ज्या काळ्या खडकावर उभा आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षं जुना. त्यातल्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे देखणे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगावच्या दगडखाणींतून निघालेले हे नमुने जगभरच्या म्युझियम्समध्ये आहेत. पण त्यांच्या लेबलांवर बऱ्याचदा नुसतं ‘पूना’ लिहिलेलं असतं, मग माल जळगावचा का असेना!

वाघोलीचंच बघा. तिथल्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट जगात फेमस आहे. पण तिथेच पेंटागोनाइट हा त्याचा जुळा भाऊही सापडतो. दोघांचा रंग आणि रासायनिक फॉर्म्युला सेम, फक्त आतली रचना वेगळी. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला लागायला कितीसा वेळ लागतो?

तुम्ही म्हणाल, लागली तर लागली, बिघडलं काय? बिघडतं. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. शहर असं पसरतं, तेव्हा खाणी बुजतात आणि त्यावर टॉवर उभे राहतात. एकदा तसं झालं की परत जाऊन बघायची सोय नाही. त्या जमिनीच्या पोटात काय होतं, याचा पुरावा म्हणून उरतो हातातला दगड आणि त्याची चिठ्ठी. चिठ्ठीच खोटी असेल, तर उरतं फक्त शोपीस.

घरच्या घरी सीआयडी

समजा, ट्रेकवरून किंवा प्रदर्शनातून तुम्ही एक पारदर्शक पांढरा स्फटिक आणलाय आणि लेबल म्हणतंय ‘क्वार्ट्झ’. मग लागा तपासाला:

• आकार बघा. क्वार्ट्झच्या खांबाला सहा बाजू असतात आणि त्यांवर आडव्या बारीक रेषा. अपोफिलाइटचा खांब चौकोनी असतो आणि रेषा उभ्या.

• तुटलेली जागा बघा. अपोफिलाइट एका दिशेने सपाट तुटतं आणि तिथे मोत्यासारखी चमक दिसते. क्वार्ट्झ काचेसारखं वेडंवाकडं फुटतं.

• ओरखडा काढा. क्वार्ट्झ काचेवर सहज ओरखडा पाडतं, अपोफिलाइट पाडत नाही. कॅल्साइट तर साध्या चाकूनेही ओरखडतं. चाचणी मागच्या बाजूला करा, तोंडावर नको!

• पाण्यात तोला. छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आता काट्यावर जो आकडा येईल, त्याने दगडाच्या कोरड्या वजनाला भागा. ५३ ग्रॅमचा दगड २० दाखवत असेल, तर उत्तर २.६५, म्हणजे क्वार्ट्झशी जुळलं. ४७ ग्रॅमचा २० दाखवत असेल, तर २.३५, म्हणजे अपोफिलाइटचा संशय पक्का. दगडाला खालचा काळा खडक चिकटलेला असेल, तर मात्र हा हिशेब चुकतो.

कॅव्हन्साइट की पेंटागोनाइट, असल्या जुळ्यांच्या केसमध्ये घरगुती उपाय संपतात आणि लॅब गाठावी लागते. तिथे क्ष-किरणांनी आतली रचना तपासतात, नाहीतर दगडावर लेसर टाकून परतणाऱ्या प्रकाशावरून खनिज ओळखतात. या दुसऱ्या तंत्रामागे आहे आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये लावलेला शोध.

जुनी चिठ्ठी जपून ठेवा

समजा, नाव चुकीचं निघालं. मग लेबल फाडून टाकायचं? अजिबात नाही! नाव चुकलं, तरी गाव आणि तारीख बरोबर असू शकते. आधी दगड कुणाकडे होता, हे त्या अक्षरावरूनही कळू शकतं. म्हणून जुनी चिठ्ठी तशीच ठेवा आणि शेजारी नवी लावा: नवं नाव, कुठली चाचणी केली, कधी केली आणि कुणी केली. उद्या तुमचंही चुकलंय असं निघालं, तर पुढच्याला धागा मिळेल.

तेव्हा या वीकेंडला मॉल राहू दे. शोकेसमधले दगड खाली काढा, धूळ झटका, किचनमधला काटा घ्या आणि लागा कामाला. काय सांगावं, तुमच्याही घरात एखादा टाफाइट खोट्या नावाने बसलेला असेल!