पाच पानांची वेल, तीन पानांची वेल आणि आजींचा हापूस



मिसिसागातल्या आमच्या घराच्या मागच्या कुंपणावर एक वेल आहे. घर घेतलं तेव्हाच ती होती. पहिल्याच ऑक्टोबरात ती अशी लालभडक झाली की आम्ही तिचे फोटो काढून भारतातल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते. आणि घराच्या आत, दक्षिणेकडच्या खिडकीशी, एका कुंडीत हापूसचं रोप आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात आजी (आमच्या चिरंजीवांच्या) देवगडहून आल्या, त्यांनी पहिल्याच पेटीतली एक कोय कुंडीत पुरली, त्याचं हे रोप.

या वेलीच्या आणि या आंब्याच्या नादात आमच्या घरी जो गोंधळ झाला, तो आज सांगायचा आहे. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि उन्हाळ्यात आंब्याची पेटी येते (म्हणजे आपण जवळजवळ सगळेच!), त्यांनी जरूर वाचावा.

काय झालं?

व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकएंडला आम्ही जवळच्या जंगलात ट्रेलवर फिरायला गेलो होतो. चिरंजीव (वय वर्षे ८) अर्थातच वाट सोडून झुडपांत हुंदडत होते. घरी आलो, सगळं ठीक. पुढचा आठवडाभरही ठीक. मग एका सकाळी त्यांच्या पोटरीवर आणि हातावर लाल चट्टे आणि पाण्याने भरलेले फोड! खाज तर इतकी की रात्रभर झोप नाही.

आदल्याच दिवशी ते कुंपणाशी बॉल शोधत होते. झालं! ‘इकडे पॉयझन आयव्ही नावाची विषारी वेल असते’ हे आम्ही ऑफिसात ऐकलं होतं. कुंपणावर वेल आहे, पोराला पुरळ आहे, म्हणजे हीच ती. त्या शनिवारी आम्ही हातमोजे घालून संपूर्ण वेल बुडापासून कापून टाकली.

पुरळ दोन-अडीच आठवड्यांत गेलं. मग जूनअखेरीस हापूसची शेवटची पेटी आली. चिरंजीवांनी नेहमीसारखा आंबा पिळून, देठाकडून तोंड लावून चोखला. दोन दिवसांत ओठांभोवती तसेच फोड! वेल तर आता नव्हतीच.

आजी त्याचं तोंड बघून म्हणाल्या, “अरे, हे उतलंय. चिकाने उततं तसं. आमच्याकडे बिबा उततो ना, अगदी तसंच.”

आम्ही दोघेही इंजिनीअर. आजींचं बोलणं ऐकून घेतलं आणि वॉक-इन क्लिनिक गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “महिन्याभरात कुठे जंगलात गेला होतात का?” आणि मग त्यांनी जे समजावलं, ते आजींच्याच वाक्याचं शास्त्रीय भाषांतर होतं.

आंब्याची नातीगोती

आंबा, काजू, बिबा, चारोळी, पिस्ता ही सगळी एकाच कुळातली, म्हणजे आम्रकुळातली झाडं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांचा बेस क्लास एकच. या कुळात बऱ्याच जणांकडे त्वचेला त्रास देणारा चीक किंवा तेल असतं. काजूच्या टरफलातलं तेल हात भाजतं हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बिब्याच्या रसाने पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करत, आणि त्या खुणेनेसुद्धा काहींच्या अंगावर पुरळ उठत असे.

आता गंमत बघा. पॉयझन आयव्हीसुद्धा याच कुळातली! तिच्या पानांत, देठांत आणि मुळांत उरुशिऑल नावाचं तेल असतं. हे नाव जपानी लाखेवरून, उरुशीवरून आलं आहे, आणि ते लाखेचं झाडही याच कुळातलं. आंब्याच्या सालीत आणि चिकात उरुशिऑलची सख्खी भावंडं शोभतील अशी द्रव्यं असतात. गरात ती जवळजवळ नसतात.

ही अ‍ॅलर्जी उशिरा प्रकट होणारी असते. आयुष्यात पहिल्यांदा उरुशिऑल लागलं तर शरीराला ते ‘शत्रू’ म्हणून ओळखायला आठवडा, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. पुढच्या वेळी मात्र एक-दोन दिवसांत पुरळ उठतं. चिरंजीवांना ते तेल ट्रेलवर लागलं होतं, पुरळ आठवड्याने उठलं, आणि आम्ही फक्त आदल्या दिवसाचा लॉग बघून कुंपणावरच्या वेलीला दोषी ठरवलं. मग आंब्याची साल ओठांना लागली तेव्हा आधीच सावध झालेल्या शरीराने तिलाही ‘तीच ती’ म्हणून ओळखलं. मे महिन्यात त्याच मुलाने तसेच आंबे चोखले होते, तेव्हा काही झालं नव्हतं.

मग कुंपणावरची वेल कोण?

ती व्हर्जिनिया क्रीपर. पूर्व उत्तर अमेरिकेतलीच, आणि कूळ द्राक्षांचं! म्हणजे तिचे नातेवाईक नाशिकला, देवगडला नव्हेत. या दोन वेली अशा ओळखाव्यात:

– व्हर्जिनिया क्रीपर: एका देठावर पाच पानं, हाताच्या पंजासारखी एकाच बिंदूतून फुटलेली. फळं निळी-काळी. तणाव्यांच्या टोकांना चिकट गोल चकत्या, त्यांनी ती भिंत धरते. ही पकड साधी नव्हे. चार्ल्स डार्विनने वेलींवरच्या आपल्या पुस्तकात (१८७५) नोंदवलंय की दहाएक वर्षं जुन्या तणाव्याच्या एका लहानशा फाट्याने दोन पौंड, म्हणजे जवळजवळ एक किलो वजन पेललं.

– पॉयझन आयव्ही: तीन पानं, मधल्याचा देठ लांब, बाजूची दोन जवळजवळ बिनदेठाची. फळं पांढरट. कधी जमिनीलगत झुडूप, कधी झाडावर चढणारी वेल. जुन्या वेलीच्या खोडावर केसांसारखी मुळं. शरद ऋतूत हीसुद्धा सुंदर लाल होते, म्हणून रंगावर जाऊ नका.

आपली मुलं बेलाचं पान ओळखतात, तर त्यांना तेच सांगा: बेलासारखी तीन पानं दिसली की हात लावायचा नाही. पळसाला पाने तीनच, हे इथे वेगळ्या अर्थाने लक्षात ठेवायचं! एक सावधानता: व्हर्जिनिया क्रीपरच्या कोवळ्या फांदीवर कधी कधी तीनच पानं असतात, तेव्हा वेलीवरची इतर पानंही बघा. आणि ही वेल अगदी साधू आहे असंही नाही. तिची फळं पक्षी खातात, पण माणसांना ती विषारी आहेत, आणि तिच्या रसाने काहींच्या त्वचेला थोडी खाज सुटते.

एक बर्फात जगते, दुसरा का नाही?

हा प्रश्न आजींचा. वेलीला दिवस लहान होऊ लागले की हिवाळ्याची सूचना मिळते. ती पानांतलं कामाचं द्रव्य खोडा-मुळांत ओढून घेते, हिरवा रंग जातो, लाल रंग दिसतो, आणि पानाच्या देठाशी बूच बसून पान गळतं. पेशींतलं पाणी कमी होतं, साखर वाढते, म्हणून गोठूनही पेशी फुटत नाहीत. विनिपेगच्या थंडीतही ती तगते.

आंब्याकडे ही सोयच नाही. तो बारमाही हिरवा. शून्याच्या जरा खाली गेलं तरी कोवळं रोप मरतं. म्हणून इथे आंबा कुंडीत, आणि सप्टेंबरच्या अखेरीस घरात. शिवाय हापूसची कोय लावली तरी झाड हापूसचं होत नाही, ते रायवळच. खरा हापूस कलमानेच. (भारतातून कलम बॅगेत घालून आणायचा विचारही नको. परमिट आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि मातीला तर बंदीच आहे.) आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “फळासाठी कुणी लावलंय? पालवी बघायला लावलंय.”

आता आम्ही काय करतो

– ट्रेलवर मुलांना लांब पँट आणि मोजे. घरी आल्यावर लगेच साबण आणि गार पाण्याने हातपाय धुणे, कपडेही धुवायला टाकणे. तेल बुटांवर, खेळण्यांवर, कुत्र्याच्या केसांवर टिकून राहतं.
– फोडांतल्या पाण्याने पुरळ पसरत नाही, त्यामुळे घाबरू नये. मात्र चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ आलं तर डॉक्टर गाठावा. श्वासाला त्रास झाला तर तडक इमर्जन्सी.
– पॉयझन आयव्ही कधीही जाळू नये. तिचा धूर फुफ्फुसात गेला तर फार धोक्याचं.
– आंबा आजींच्या पद्धतीने: आधी पाण्यात भिजत घालायचा, देठ काढून चीक जाऊ द्यायचा, धुवायचा. मग साल मोठ्यांनी काढायची आणि चिरंजीवांना फक्त फोडी, त्याही काट्याने. आम्हाला डॉक्टरांनी एवढी परवानगी दिली आहे. तुमच्या मुलाला असा त्रास झाला असेल तर आधी स्वतः विचारा.

चोखून आंबा खायचा नाही म्हटल्यावर चिरंजीव रडले. त्यांच्यापेक्षा आजींना जास्त वाईट वाटलं. देवगडच्या नातवाने काट्याने आंबा खावा म्हणजे काय! आजी ऑक्टोबरात परत गेल्या. त्या वर्षी कुंपण उघडंबोडकं होतं, त्यांना ती लाल वेल बघायलाच मिळाली नाही. ही चूक आमची.

पण मुळं आम्ही काढली नव्हती. यंदा मे महिन्यात कुंपणाच्या बुडाशी कोंब आले. आम्ही गुडघे टेकून पानं मोजली. पाच! त्याच आठवड्यात खिडकीतल्या आंब्याला तांबूस, चकचकीत पालवी फुटली. वेल जाताना लाल होते, आंबा येताना, आणि दोघांचा रंग एकाच जातीच्या द्रव्याचा. दोन्ही फोटो आजींना पाठवले. त्यांचं उत्तर आलं: “कुंडी बाहेर काढायची घाई नको. आणि वेलीला आता हात लावू नका.”

मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला आपण भेटूच. तिथे मुलांना झुडपांत सोडण्याआधी एकदा पानं जरूर मोजा!