डबीला हात किती?



बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ साली उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग मांडला. तेव्हापासून गटागटांतून आम्हांस एकच विचारणा होते आहे : रानात ओलावा मोजणाऱ्या बिनतारी डब्या बसवाव्यात काय? आमचे मत विचाराल तर जरूर बसवाव्यात. पण विकणारा जेव्हा म्हणतो, "हे जाळं आहे, कितीही डब्या जोडा," तेव्हा पैसे मोजण्याआधी थांबावे. का, ते आमच्याच फजितीवरून सांगतो.

आम्ही आडसालीच्या प्लॉटात अशा सहा डब्या लावल्या आणि मोटारीच्या खोलीवर एक मुख्य डबी. लागण नवी होती, रान मोकळे होते. सहाही डब्या बोलू लागल्या, मोबाईलवर आकडे दिसू लागले. आम्ही खूश! पुढे ऊस डोक्यावर गेला आणि दोन डब्या मुक्या झाल्या. मोबाईलवर मात्र जुनाच आकडा दिसत राहिला. ओल आहे असे समजून आम्ही त्या कोपऱ्याच्या दोन पाळ्या चुकवल्या. ऊस सुकायला लागला तेव्हा डोळे उघडले. बॅटऱ्या बदलल्या, एरियल पुसले, उपयोग शून्य. अखेर एका जाणत्या मुलाने उलगडा केला : मुख्य डबी एका वेळी चारच डब्यांना हात देत होती. उरलेल्या दोन शेजारणींच्या मार्फत बोलत होत्या. मधे ऊस उभा राहिला आणि शेजारणींचे ऐकू येईनासे झाले. मुख्य डबीचा आवाज येत होता, पण तिथे जागाच नव्हती. चूक आमची. आम्ही घेताना विचारलेच नाही.

आता हा हिशेब समजून घेऊ. बाजारातल्या अशा पुष्कळ डब्यांच्या पोटात ईएसपी-८२६६ (२०१४) किंवा ईएसपी-३२ (२०१६) या जातीचा छोटा संगणक असतो. प्रत्येक जोडणीसाठी त्याला आपल्या स्मरणात एक खाते उघडावे लागते. डबीची ओळख, कुलपाची किल्ली, थांबलेले निरोप, सगळे त्या खात्यात. आणि ८२६६ ची कामाची स्मरणशक्ती ८० किलोबाइटच्या आसपास, म्हणजे मोबाईलच्या एका फोटोलाही ती पुरायची नाही. म्हणून नेहमीच्या मांडणीत तो चार जोडण्या घेतो, ओढून-ताणून आठ. ईएसपी-३२ च्या जाळ्यात एका डबीखाली दहापर्यंत जातात. टोळीचा मुकादम दहा कोयत्यांची हजेरी तोंडपाठ ठेवील, शंभरांची कशी ठेवणार? शंभरांना दहा मुकादम लागतात. जाळ्याचेही तसेच आहे.

कागदावर हिशेब फार गोड दिसतो. मुख्य डबीखाली ४, त्यांच्याखाली १६, त्यांच्याखाली ६४, एकूण ८४. रानात मात्र दोन अडचणी येतात. पहिली, डबीला रेडिओ एकच. ऐकताना बोलता येत नाही. निरोप जितक्या हातांतून जाईल तितका उशीर. ओलाव्याच्या आकड्याला उशीर चालेल, व्हॉल्व्ह बंद करायच्या हुकमाला नाही. दुसरी अडचण मोठी. मधली एक डबी बंद पडली की तिच्याखालच्या साऱ्या पोरक्या होतात. जाळे आपोआप सांधते म्हणतात, ते खरे आहे. पण ऐकू येईल इतक्या जवळ, हात रिकामा असलेली शेजारीण असेल तरच. सगळ्यांचे हात भरलेले असले तर सांधणार कोण?

यासाठी सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) एका डबीला एका वेळी किती जोडण्या, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. "भरपूर" हे उत्तर धरू नये.

(२) चार हात असतील तर दोन-तीनच वापरावेत. रिकामा हात हा वाया गेलेला पैसा नव्हे. अडीनडीला तोच कामी येतो.

(३) चाचणी मोकळ्या रानात घेऊन समाधान मानू नये. पानांतले पाणी या लहरी पिऊन टाकते. एरियल वाढलेल्या उसाच्या शेंड्यावर राहील इतक्या उंच पाइपवर चढवावे.

(४) आकड्याशेजारी तो केव्हा आला ती वेळ दिसलीच पाहिजे. शिळ्या आकड्यावर पाणी सोडू नये, तोडूही नये.

(५) पैसे चुकते करण्यापूर्वी मधली एक डबी मुद्दाम बंद करावी आणि तिच्याखालच्या डब्या दुसरीकडे जोडल्या जातात का, हे डोळ्यांनी पाहावे.

जोडणी न बांधता निरोप टाकण्याची ईएसपी-नाऊ ही पद्धतही याच संगणकांवर चालते. पण तिथेही एका डबीच्या यादीत वीसच सोबती बसतात. मर्यादा कुठेही सुटत नाही. फक्त तिचा आकडा बदलतो.

आम्ही आता मधे आणखी एक डबी लावली आहे आणि दोन हात रिकामे ठेवले आहेत. आणि हो, आठवड्यातून एकदा त्या कोपऱ्यात जाऊन मूठभर माती हातात दाबून पाहतो. ती सवय डबी आल्यावर आम्ही सोडली होती. तुम्ही सोडू नका.