शरदातील स्वयंपाकघर आणि आमचे पथ्यपत्रक

शरद ऋतूला वैद्यांची माता म्हटले आहे. वचन जुने आहे आणि त्यातील कोपरखळी आपल्यालाच मारलेली आहे. या दिवसांत रुग्ण वाढतात आणि वैद्याचे घर चालते, एवढाच त्याचा अर्थ. आश्विन लागला की आमच्या दवाखान्याच्या ओसरीवरही हाच अनुभव येतो. घशाशी येणारे आंबट-कडू पाणी, अर्धे डोके दुखणे, तोंड येणे, अंगावर पित्त उठणे, मुलांच्या नाकाचा घोळणा फुटणे, अशा तक्रारी घेऊन एकाच घरातील तीन-तीन माणसे एका दिवशी येतात. वर्षा ऋतूत साठलेले पित्त हस्त नक्षत्राचा पाऊस ओसरून ऊन तापू लागताच प्रकुपित होते, हे प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. ऋतुचर्येचा अध्याय येथे पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन नाही. तो अध्याय घराघरांतील चुलीपर्यंत पोहोचविताना आमच्या हातून जी चूक घडली, ती व्यवसायबंधूंपुढे मांडावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

२००५ साली, व्यवसायास प्रारंभ करून फार काळ लोटला नव्हता तेव्हा, आम्ही शरद ऋतूचे एक पथ्यपत्रक छापून घेतले. गुलाबी कागद, एक पान. वाग्भटाचार्यांनी वर्ज्य सांगितलेले दही, तेल, क्षार, पोटास तडस लागेपर्यंतचे भोजन, ऊन, दिवसाची झोप, दव आणि पूर्वेचा वारा हे सर्व त्यात होते. त्याखाली आम्ही आमच्या अनुभवाची भर घातली होती: शेंगदाणे, साबुदाणा, बटाटा, हिरवी मिरची, तळलेले पदार्थ, लोणचे, चहा. खाण्याजोग्या पदार्थांसाठी मात्र दीडच ओळ उरली होती. शेवटी ठळक अक्षरांत सूचना होती की औषधे वेळेवर घ्यावीत, चुकवू नयेत. हे पत्रक आम्ही चौदा वर्षे वाटले. रुग्ण ते आवडीने घेऊन जात, काही जण भिंतीवर चिकटवीत. आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातही ते फळीच्या कडेला लावलेले होते.

२०१९ च्या नवरात्रातील पाचवी माळ. आमच्या मातोश्री नऊ दिवसांचे उपवास धरतात. त्या वेळी त्यांचे वय अडुसष्ट होते आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी त्या काही वर्षांपासून घेत होत्या. पूर्वी उपवासाला त्या खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस असे सर्व काही खात. त्या वर्षी मात्र, आदल्या पंधरवड्यात पित्ताचा त्रास झाल्यामुळे, त्यांनी मुलाचे पत्रक मनावर घेतले. एकेक पदार्थ पत्रकाशी ताडून पाहिला आणि एकेक बाजूला सारला. उरले अर्धा पेला दूध आणि संध्याकाळच्या आरतीनंतर एक केळे. गोळी मात्र रोज सकाळी वेळेवर, कारण तेही पत्रकातच होते.

सकाळी अकराच्या सुमारास त्या देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या त्या उठेनात. अंग घामाने थबथबलेले, हात कापणारे, बोलणे असंबद्ध. आम्ही दवाखान्यातून धावत आत आलो. बाहेर कडक ऊन, पाच दिवसांचा उपवास, पित्तप्रकृती. आमच्या मनाने तात्काळ निदान केले की हा पित्तज भ्रम आहे. डोक्यावर ओला पंचा ठेवावयास सांगून आम्ही प्रवाळ आणि कामदुधा आणण्यासाठी वळलो. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, आईंनी काल संध्याकाळपासून काही खाल्लेले नाही आणि सकाळची गोळी मात्र घेतली आहे. आधी साखरेचे पाणी देऊ या का?’’ त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नाही. पण घरात कोणी काय खाल्ले हे त्यांना माहीत होते आणि आम्हाला नव्हते. रक्तशर्करा मोजली ती ४६ भरली. मातोश्रींना गिळता येत होते, म्हणून चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी त्यांनी आम्हाला नावाने हाक मारली. या वर्गातील गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि एकदा सावरलेली साखर पुन्हा खाली येऊ शकते, हे लक्षात घेऊन त्यांना तालुक्याच्या एका रुग्णालयात नेले. तेथे त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवले. तेथील डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, की एवढ्या कडक उपवासाचा सल्ला कोणी दिला. आम्ही गप्प राहिलो.

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून जे विचार मनात आले, त्यांतील बरेचसे आज लिहिण्यासारखे नाहीत. एक मात्र लिहितो. आमच्या पत्रकातील शरदचर्येत चूक नव्हती. चूक ही की ते पत्रक कोणत्या घरात, कोणत्या तिथीला, कोणत्या गोळीबरोबर वाचले जाणार आहे, याचा विचार आम्ही चौदा वर्षांत केला नव्हता. काय खाऊ नये हे सांगणे सोपे असते. ज्या घरात उपवासाचे पाचच पदार्थ शिजतात, त्या घरात ते पाचही बंद केले तर सहावा कोणता, याचे उत्तर देणे वैद्याचे काम होते.

उपवासाच्या पदार्थांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे इष्ट वाटते, कारण येथे ग्रंथांचा थेट आधार मिळत नाही. साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडील साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि त्याचे कारखाने मुख्यतः तामिळनाडूत सेलमच्या परिसरात आहेत. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील. शेंगदाणाही तेथलाच, बटाटाही तेथलाच, आणि मिरचीही अमेरिका खंडातूनच आली. म्हणजे ज्या पदार्थावाचून महाराष्ट्रातील एकादशी साजरी होत नाही, त्यातील तूप, जिरे आणि मीठ वगळता संहिताकारांनी पाहिलेले काहीच नाही. त्यांचे गुणधर्म आपण अनुभवावरूनच ठरवावयाचे. आमचा अनुभव असा की भरपूर कूट घातलेली खिचडी ही गुरू आणि विदाही; परंतु ती पोट भरते आणि शक्ती देते, हेही तितकेच खरे. ती काढून घेतल्यास तिच्या जागी तेवढेच बळ देणारे दुसरे अन्न ठेवावे लागते. राजगिऱ्याच्या लाह्या दुधातून, तुपाच्या फोडणीवर परतलेली दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी, वरईचा मऊ भात आणि त्यावर आमसुलाचे सार, उकडलेले रताळे तुपाबरोबर, असे पर्याय आम्ही आता नावानिशी सांगतो. वरईच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत नवरात्राच्या सुमारास वाचनात येतात. ओलसर हवेत साठविलेल्या पिठाला बुरशी लवकर लागते. म्हणून वरई आख्खी घ्यावी, निवडून धुवावी आणि पीठ लागेल तेवढेच घरी दळावे.

दह्याविषयी रुग्णांचे गैरसमज सर्वांनाच ठाऊक आहेत. ‘थंड’ म्हणून उपवासाला वाटीभर दही खाणारा रुग्ण शरदात हमखास भेटतो. शरद, ग्रीष्म आणि वसंत यांत दही निंद्य, हे चरकाचार्यांचे मत त्याला सांगितले की तो ताकावर येतो. आणि ताकही उष्ण काळी, दाह व रक्तपित्त असता देऊ नये, असे सुश्रुताचार्य सांगतात. मग त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. अशा वेळी आम्ही दुधाचा किंवा धने-जिऱ्याच्या पाण्याचा पर्याय देऊन त्याची सुटका करतो.

दिवाळीच्या फराळाकडे वैद्यमंडळी खाणाऱ्याच्या बाजूने पाहतात. त्यात वावगे काही नाही, कारण तेल आणि सौहित्य हे शरदातील दोन्ही निषेध एकाच ताटात एकत्र येतात. परंतु आमच्या नोंदवहीतील दिवाळीपूर्वीच्या आठवड्याची पाने चाळली असता असे दिसते की आम्लपित्ताने व शिरःशूलाने येणाऱ्यांत फराळ खाणाऱ्यांपेक्षा फराळ करणाऱ्या अधिक आहेत. भाजणी भाजण्यासाठी आणि चकल्या तळण्यासाठी चार-चार तास चुलीपुढे बसणे, त्यात जेवणाची वेळ टळणे, तळणाच्या वासाने भूक मरणे, मग दुपारी तीन वाजता चहा आणि मोडकी चकली. अग्नीचा ताप, वेळ टळलेले भोजन, जागरण आणि श्रम: पित्तप्रकोपाची इतकी कारणे एका दिवसात दुसऱ्या कोणाच्या वाट्यास येत नाहीत. आमच्या गुलाबी पत्रकात तिच्यासाठी एकही ओळ नव्हती. आता आम्ही घरातील पुरुषमंडळींस बोलावून सांगतो, की तळण एकाच दिवशी न करता तीन दिवसांत विभागावे, ते सकाळी थंड वेळी करावे, आणि तिने आधी मुगाचे वरण-भात जेवल्याखेरीज कढई चढू नये. शेवटचे वाक्य ऐकून काही सासूबाई नाराज होतात. त्याला आमचा इलाज नाही.

परंपरेने स्वयंपाकघरात काही चांगल्या गोष्टी ठेवल्या आहेत, हेही नमूद केले पाहिजे. पितृपक्षातील पानात कारल्याची भाजी आणि खीर असते. कोकणात व गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेस लावतात. कार्तिकात आवळीभोजन होते. तिक्त, मधुर आणि आमलकी यांची शरदातील योजना याच्याशी जुळते. मात्र आपल्या पूर्वजांनी प्रत्येक चाल ग्रंथ उघडून पाडली, असे व्याख्यानातून सांगण्याचा जो प्रघात पडला आहे तो आम्हास पटत नाही. त्याच पितृपक्षात तळलेले वडेही असतात, आणि कोजागरीस मध्यरात्री गच्चीवर दव अंगावर घेत आटीव दूध पिणेही असते. वाग्भटाचार्यांनी चांदण्याचा आनंद रात्रीच्या आरंभी घ्यावयास सांगितला आहे, दव मात्र वर्ज्यच. श्वासाच्या रुग्णांस आम्ही कोजागरीचे दूध नऊच्या आत आणि घरात घ्यावयास सांगतो.

औषधी दुकानदार बंधूंस एक विनंती. या दोन महिन्यांत अविपत्तिकर चूर्णाचा खप किती वाढतो, हे आपण आम्हापेक्षा अधिक जाणता. त्यातील मोठा भाग निशोत्तर आणि साखरेचा असतो. उपाशीपोटी असलेल्या वृद्धास ते चमचा-चमचा दिले तर जुलाब होऊन तो गळून जातो. मोरावळा, गुलकंद आणि शतावरी कल्प यांत साखरच प्रधान, तरी मधुमेही ग्राहक ते ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून निश्चिंतपणे नेतो. चिठ्ठीविना येणाऱ्या ग्राहकास दोनच प्रश्न विचारावेत: उपवास आहे काय, आणि साखरेची गोळी चालू आहे काय. दोन्हींस होकार आला तर त्यास आधी त्याच्या डॉक्टरांकडे पाठवावे. एक बाटली कमी विकली जाईल, हे खरे.

आम्ही स्वतः आता भाद्रपदातच अशा रुग्णांची यादी काढतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा कोणीही उपवास धरणार असेल, तर त्याच्या डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घेण्याची चिठ्ठी देतो. ती मात्रा आम्ही आमच्या मनाने बदलीत नाही आणि रुग्णासही बदलू देत नाही. घाम, कंप किंवा बडबड सुरू झाल्यास प्रथम साखर द्यावी, शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता रुग्णालय गाठावे, हे घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस समक्ष सांगतो. त्याच वेळी तिच्याकडून घरात काय शिजते ते विचारून रुग्णाचे पथ्य हाताने लिहितो. यास वेळ लागतो आणि दिवसाला चार रुग्ण कमी होतात.

मातोश्री आता उठता-बसता उपवास करतात, म्हणजे पहिल्या माळेला आणि शेवटच्या. त्या दोन दिवसांची मात्रा त्यांचे डॉक्टर ठरवून देतात आणि दहा वाजता राजगिऱ्याच्या लाह्यांची वाटी त्यांच्या पुढे येते. नऊ दिवस पूर्ण होत नाहीत याचे त्यांना वाईट वाटते आणि देवीपुढे त्या तसे बोलूनही दाखवितात. छापील पत्रके आम्ही २०१९ सालीच रद्दीत घातली. स्वयंपाकघरातील ते एक गुलाबी पान मात्र मातोश्रींनी काढून घेऊन पोथीत ठेवले आहे. मागितले तरी त्या देत नाहीत. ‘‘अरे, तुझे पहिले छापलेले आहे ते,’’ म्हणतात.