जुलाब पाण्यामुळे की औषधामुळे?

नांदेड-लातूर भागात जुलाब सुरू झाले की पहिला संशय पाण्यावर जातो, आणि तो अकारण नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जून 2024 मध्ये नांदेडनजीकच्या नेरली येथे दूषित पाण्यामुळे शेकडो ग्रामस्थ आजारी पडले. तथापि घरात एकालाच जुलाब होत असतील आणि त्याच व्यक्तीचे प्रतिजैविक, म्हणजेच अँटिबायोटिक, चालू असेल, तर औषधाचाही विचार व्हावयास हवा.

आपल्या आतड्यांत असंख्य उपकारक जंतूंची वस्ती असते. प्रतिजैविक रोगजंतूंबरोबर त्यांचाही नाश करते व पचन बिघडते. मळमळ, पोटफुगी, एकदोन पातळ शौच एवढेच असेल तर औषध संपल्यावर ते बहुधा आपोआप थांबते. तोवर ओआरएस घ्यावे. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे दुय्यम संसर्ग. रिकाम्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू वाढतो व त्याच्या विषाने आतड्यास सूज येते. दिवसातून तीन वा अधिक वेळा पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा, ताप, क्वचित रक्त ही त्याची लक्षणे होत. औषध संपल्यानंतर काही आठवड्यांनीही ती दिसू शकतात. वृद्धांना व नुकतेच रुग्णालयातून आलेल्यांना हा धोका अधिक. नेमक्या याच वेळी औषधाच्या दुकानातून जुलाब थांबविणारी गोळी किंवा आणखी एखादे प्रतिजैविक आणले जाते. पहिल्याने विष आतड्यात कोंडून राहण्याची भीती असते, दुसऱ्याने मूळ कारणच बळावते. शौचाच्या तपासणीनंतर द्यावयाचे औषध वेगळे असते. रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी हात साबण व पाण्यानेच धुवावेत. सॅनिटायझरने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत.

जिभेवर व गालांच्या आत पांढरा थर, स्त्रियांना योनीमार्गात खाज, ही कँडिडा या बुरशीची खूण होय. त्यावर उपचार सोपा आहे. संकोचाने दडवू नये.

पोट बिघडले की ताक देण्याची आपल्याकडील रीत चांगलीच आहे. परंतु सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन दूध-ताकाबरोबर घेतल्यास ते शरीरात नीट शोषले जात नाही. अशी गोळी ताकाच्या किमान दोन तास आधी घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत न्यावीत व गेल्या तीन महिन्यांत घेतलेली सर्व प्रतिजैविके सांगावीत. लघवी कमी होणे, ग्लानी, शौचातून रक्त वा तीव्र पोटदुखी असल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.